टाहो की सबर्बन? मोठ्या एसयूव्हीची लांबी ठरवताना

अमेरिकेतल्या मराठी घरांत हा प्रश्न बहुधा एकाच सुमारास येतो. दुसरं मूल झालेलं असतं, आई-बाबा किंवा सासू-सासरे सहा महिन्यांसाठी येणार असतात, आणि दोन गाड्या घेऊन फिरायचा कंटाळा आलेला असतो. मग मोठी एसयूव्ही बघायला लोक डीलरकडे जातात. आधी रंग ठरतो, मग ट्रिम (म्हणजे त्याच मॉडेलची कमी-जास्त सोयींची आवृत्ती), मग महिन्याचा हप्ता. आखूड की लांब, हे सगळ्यात शेवटी ठरतं, तेही डीलरच्या लॉटवर जी उभी असेल तिच्यावरून. चूक इथेच होते, कारण रंग आणि ट्रिम आवडले नाहीत तरी निभावून नेता येतं, पण गराजचं दार बंद झालं नाही तर इलाज नसतो.

हा लेख ज्या गाड्या दोन लांबींत मिळतात त्यांच्यापुरता आहे: शेवरोले टाहो आणि सबर्बन, जीएमसी युकॉन आणि युकॉन एक्सएल, फोर्ड एक्सपेडिशन आणि एक्सपेडिशन मॅक्स, कॅडिलॅक एस्कलेड आणि एस्कलेड ईएसव्ही, जीप ग्रँड वॅगोनियर आणि ग्रँड वॅगोनियर एल. टोयोटा सेकोया एकाच लांबीत येते. ह्युंदाई पॅलिसेड, किआ टेल्युराइड, होंडा पायलट यांना तीन रांगा असल्या तरी त्या एक माप लहान आहेत. त्यांची तुलना इथे नको.

## टप्पा १: वाढीव लांबी कुठे जाते ते समजून घ्या

२०२१ पासूनच्या पिढीत टाहोची लांबी साधारण २११ इंच आणि सबर्बनची २२६ इंच आहे. म्हणजे फरक सव्वा फुटाचा. रुंदी, उंची, इंजिनं आणि डॅशबोर्ड जवळजवळ सारखेच. मधल्या रांगेत पाय ठेवायला दोन्हींत ४२ इंच जागा आहे. ‘लांब गाडीत मुलं मागे ऐसपैस बसतील’ असं म्हणणारे बहुतेक जण मधल्या रांगेचा विचार करत असतात, आणि तिथे एक इंचही वाढत नाही.

वाढतं ते असं. तिसऱ्या रांगेत पायांची जागा टाहोत ३४.९ इंच आहे, सबर्बनमध्ये ३६.७. तिसरी रांग उभी असताना तिच्यामागे सामानाला टाहोत २५.५ घनफूट मिळतात, सबर्बनमध्ये ४१.५. खरा फरक या शेवटच्या आकड्यात आहे. फोर्डमध्ये तो आणखी उघड दिसतो: २०१८ ते २०२४ च्या एक्सपेडिशनमध्ये आणि मॅक्समध्ये तिसऱ्या रांगेची पायांची जागा एकच, ३६.१ इंच. मॅक्सची सगळी वाढीव लांबी डिक्कीला मिळाली आहे.

म्हणून पहिला प्रश्न ‘माणसं किती?’ हा नाहीच. माणसं दोन्हींत तेवढीच बसतात. प्रश्न असा विचारा: तिसरी रांग भरलेली असताना मागे किती सामान न्यावं लागतं, आणि वर्षातून किती वेळा?

इशारा: जाहिरातीत मोठ्या अक्षरात असतो तो कमाल आकडा, १२२ किंवा १४४ घनफूट. तो मागच्या दोन्ही रांगा पाडून मोजलेला असतो. घर बदलताना तो उपयोगी पडेल. सहा जण गाडीत असताना त्याला काही अर्थ नाही.

## टप्पा २: भरलेल्या दिवसांची यादी करा

कागद घ्या, मागच्या वर्षाचं कॅलेंडर उघडा आणि दोन रकाने पाडा. पहिल्यात तिसरी रांग वापरली किंवा वापरली असती असे दिवस. दुसऱ्यात त्याच दिवशी मोठं सामानही होतं असे दिवस.

शाळेच्या कारपूलला तिसरी रांग लागते, पण सामान म्हणजे दप्तरं. तो दिवस पहिल्या रकान्यात. आई-बाबांना विमानतळावरून आणणं, त्यांना घेऊन चार दिवस यलोस्टोनला किंवा स्मोकी माउंटन्सला जाणं, बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या अधिवेशनाला दोन कुटुंबांनी मिळून गाडीने जाणं हे दुसऱ्या रकान्यात. मंडळाचा गणपती किंवा ढोल-ताशा पथक तुमच्याकडे असेल तर ढोल कोणाच्या गाडीतून जातात ते आठवा. मोठी गाडी घेतली की ते काम आपोआप तुमच्याकडे येतं. हे लिहून ठेवा, नंतर कुरकुर नको.

यादी प्रामाणिक ठेवायची. ‘कधीतरी बोट घेऊ’ हा दिवस यादीत येत नाही.

माझा ठोकताळा असा: दुसऱ्या रकान्यात वर्षाचे दहापेक्षा कमी दिवस असतील तर आखूड गाडी घ्या आणि त्या दिवसांपुरती लांब गाडी भाड्याने आणा. महिन्यातून दोन-तीनदा तशी वेळ येत असेल तर लांब गाडीकडे झुका. मधले आकडे असतील तर निर्णय चौथ्या टप्प्यावर, म्हणजे घरच्या मोजमापावर सोडा.

आणि पहिला रकाना भरलेला, दुसरा जवळजवळ रिकामा, बोट नाही की ट्रेलर नाही? मग एकदा मिनीव्हॅनही बघाच. टोयोटा सिएनात तिसऱ्या रांगेमागे ३३.५ घनफूट जागा आहे, म्हणजे टाहोपेक्षा जास्त, आणि लांबी २०४ इंचांच्या आसपास. सरकती दारं, खालची पायरी, हायब्रिड इंजिन. ‘मिनीव्हॅन नको’ यामागे बहुतेकदा हौस असते, गरज नसते. हौसेला माझी हरकत नाही, पण तिची किंमत माहीत असावी.

## टप्पा ३: आधी आसनांची रचना, मग लांबी

हा टप्पा लोक हमखास गाळतात आणि सगळ्यात जास्त पस्तावतात तेही याच्यासाठी.

मधल्या रांगेत दोन पर्याय असतात: दोन सुट्या खुर्च्या, ज्यांना सगळे कॅप्टन चेअर म्हणतात, किंवा तिघांचा सलग बाक. कॅप्टन चेअरने गाडी सात जणांची होते, बाकाने आठ जणांची. वरच्या ट्रिममध्ये कॅप्टन चेअर सर्रास येतात आणि दिसतातही छान.

आता सहा जण बसवून बघा: तुम्ही दोघं, दोन मुलं, आई-बाबा. कॅप्टन चेअर असतील तर मांडणी दोन, दोन, दोन अशीच होते. तिसऱ्या रांगेतल्या दोघांना मोकळं बसायचं असेल तर तिचा एकही भाग पाडता येत नाही, आणि मागे उरतात फक्त ते २५.५ घनफूट. बाक असेल तर दोन, तीन, एक असं बसता येतं. तिसरी रांग ६०-४० अशी विभागलेली असते. तिचा साठ टक्क्यांचा भाग पाडा, एक जण चाळीसच्या बाजूला बसेल आणि डिक्कीतून थेट मधल्या रांगेपर्यंत सामान लावता येईल. म्हणजे सहा जणांच्या कुटुंबाला बाकवाली टाहो बऱ्याचदा पुरते, आणि कॅप्टन चेअरवाल्या टाहोतून निघून तेच कुटुंब ‘सबर्बनच घ्यायला हवी होती’ म्हणतं.

बाकाची अडचणही आहे. दोन्ही बाजूंना कार सीट बांधल्या की तिसऱ्या रांगेत जायला वाट राहत नाही. कॅप्टन चेअरच्या मधून मूल सरळ चालत जातं. एक्सपेडिशनमध्ये कार सीट बांधलेली असतानाही मधल्या रांगेतलं आसन पुढे कलवून वाट करता येते. तरीही स्वतःची सीट नेऊन बघितल्याशिवाय विश्वास ठेवू नका, कारण प्रत्येक सीटचा पसारा वेगळा असतो.

तपासणी: लोअर अँकर (कार सीट खालून अडकवायच्या कड्या) आणि टेदर (तिचा वरचा भाग मागे बांधणारा पट्टा) कोणत्या आसनांना आहेत ते त्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये पाहा. तिसऱ्या रांगेत प्रत्येक जागी ते असतीलच असं नाही. लोअर अँकरला वजनाची मर्यादाही असते: मूल आणि सीट मिळून साधारण ६५ पौंड. त्यापुढे सीट बेल्टनेच बांधायची, टेदर मात्र लावायचाच.

आजी-आजोबा कुठे बसणार हेही आत्ताच ठरवा. गुडघे दुखणाऱ्या माणसाला तिसऱ्या रांगेत पाठवायचं नाही, मग गाडी कितीही लांब असो. त्यांना मधली रांग, मुलांना मागची. मुलं अजून कार सीटमध्ये असतील तर मागे वाकून पट्टा कोण लावणार, तेही पाहा. फूटबोर्ड असायलाच हवेत. एअर सस्पेन्शनवाल्या टाहो आणि सबर्बन उभ्या राहिल्यावर दोन इंच खाली बसतात, त्याचा चढता-उतरताना खरा उपयोग होतो.

## टप्पा ४: घर मोजा

डीलरकडे जाण्याआधी मेजरिंग टेप घेऊन गराजमध्ये जा, आणि गराज आज जसं आहे तसं मोजा. म्हणजे दुसरा फ्रिज, तांदळाच्या गोण्या, सायकली आणि मागच्या दिवाळीच्या माळांची खोकी यांच्यासकट.

१. खोली. बंद दाराच्या आतल्या बाजूपासून समोरच्या पहिल्या अडथळ्यापर्यंत, बंपरच्या उंचीवर. भिंतीपर्यंत मोजू नका. वॉटर हीटर किंवा घरात जायची पायरी पुढे आलेली असते. २० फुटांचं गराज म्हणजे २४० इंच. टाहो उभी केल्यावर २९ इंच उरतात, तिच्या पुढून माणूस चालू शकतो. सबर्बन लावल्यावर उरतात १४ इंच. गाडी आत जाते, दार बंद होतं, पण पुढून कोणी जाऊ शकत नाही. मागच्या हिचमध्ये (ट्रेलर जोडायच्या खाचेत) बॉल माउंट अडकवून ठेवलात तर तेही १४ इंच राहत नाहीत, आणि हत्ती गेला पण शेपूट राहिलं अशी गत होते.

२. दाराची रुंदी. एकेरी दार बहुधा ८ किंवा ९ फुटांचं असतं. आरसे सोडून गाडीची रुंदी ८१ इंच. आठ फुटी दारातून जाताना दोन्ही बाजूंना साडेसात इंच उरतात आणि त्यातच आरसे येतात. बटणाने मिटणारे आरसे आहेत का ते बघा. इथे आखूड आणि लांब गाडीत काही फरक नाही. दोघींनाही तेवढाच त्रास.

३. उंची. नेहमीचं दार ७ फुटांचं, म्हणजे ८४ इंच. गाडी सुमारे ७६ इंच. टपावर सामानाची पेटी लावली की साधारण १६ इंच वाढतात आणि गाडी आत जात नाही. ‘टाहो घेऊ, वर पेटी टाकू’ हा उपाय सहलीपुरता ठीक आहे, रोजचा नाही. मागचं दार गराजमध्ये पूर्ण उघडतं का, की वर गुंडाळलेल्या दाराला आपटतं, तेही तपासा. ते किती वर उघडावं हे बऱ्याच ट्रिममध्ये ठरवून ठेवता येतं.

४. ड्राइव्हवे. गाडी बाहेरच ठेवणार असाल तर ती फुटपाथवर येता कामा नये. अनेक गावांत त्याचा दंड होतो, आणि एचओएचं (वस्तीतल्या घरमालकांच्या संघटनेचं) पत्र त्याआधीच येतं.

५. ऑफिस आणि शहर. पार्किंगचा चौकोन साधारण १८ फुटांचा, २१६ इंच. टाहो त्यात जेमतेम मावते, सबर्बन १० इंच बाहेर राहते. मॉलच्या लॉटमध्ये कोणी काही म्हणत नाही. जर्सी सिटीत रस्त्यावर जागा शोधणाऱ्याला मात्र त्या १५ इंचांचा फरक रोज जाणवतो. तळघरातल्या पार्किंगच्या तोंडाशी उंचीची पाटी असते. ६ फूट ८ इंच, म्हणजे ८० इंच असेल तर गाडी जाईल, टपावर काहीही असेल तर नाही.

थांबा आणि ठरवा: गराजमध्ये लांब गाडी लावल्यावर पुढे १२ इंचांपेक्षा कमी उरत असतील आणि गाडी आतच ठेवायची असेल, तर लांब गाडीचा विषय इथेच संपला. मिनेसोटाच्या थंडीत सहा महिने गाडी बाहेर ठेवून ‘पण डिक्की मोठी आहे’ हे समाधान पुरत नाही.

## टप्पा ५: बॅगांची चाचणी

भारतातून येणाऱ्या प्रवाशाला बहुतेक विमान कंपन्या २३ किलोच्या दोन बॅगा देतात. लांबी, रुंदी आणि उंचीची बेरीज ६२ इंचांपर्यंत. अशा पूर्ण आकाराच्या एका बॅगेचं आकारमान सुमारे ४ घनफूट होतं. आई-बाबा आले की चार मोठ्या बॅगा, दोन केबिन बॅगा, आणि हातात ती एक पिशवी, जी कुठल्याच हिशेबात नसते.

कागदावर २५.५ भागिले ४ म्हणजे सहा बॅगा. प्रत्यक्षात तसं होत नाही. हे आकारमान छतापर्यंत मोजलेलं असतं, मागचं दार तिरकं असतं आणि बॅगा चौकोनी असतात. सामान आसनांच्या पाठीच्या वर गेलं की मागची काच झाकते आणि जोरात ब्रेक लागल्यावर बॅग थेट मागच्या रांगेतल्या मुलांच्या डोक्यावर येते. म्हणून उपयोगी जागा आसनाच्या उंचीपर्यंतच धरा.

घरातल्या सगळ्यात मोठ्या चार बॅगा रिकाम्याच डीलरकडे घेऊन जा. विक्रेता हसेल, हसू द्या. क्रम असा: तिसरी रांग पूर्ण उभी करा, पाठ माणूस खरोखर बसेल इतकी कलवा (सरळ काटकोनात ठेवून जागा मोजणं हे स्वतःलाच फसवणं आहे), मग बॅगा उभ्या लावा, मग दार बटणाने बंद करा. बाकवाली गाडी असेल तर नंतर तिसऱ्या रांगेचा साठ टक्के भाग पाडून हेच पुन्हा करा. दोन्हींचे फोटो काढा. लांब गाडीतही तेच. घरी येऊन फोटो शेजारी ठेवलेत की निम्मा वाद संपतो.

मुलाची स्ट्रोलर असेल तर ती विसरू नका. दुहेरी स्ट्रोलर आखूड गाडीची निम्मी डिक्की खाते.

## टप्पा ६: वजनाचा हिशेब

लांब गाडी जास्त वजन वाहते, हा सर्रास असलेला गैरसमज. लांब गाडी स्वतःच जड असते, त्यामुळे वाहण्याची क्षमता सारखीच राहते किंवा थोडी कमीच होते. टोइंगचंही तसंच: ५.३ लीटर इंजिनच्या टाहोची कमाल मर्यादा ८,४०० पौंड, सबर्बनची ८,३००.

ड्रायव्हरचं दार उघडा. खांबावर टायर आणि वजनाची माहिती देणारा स्टिकर असतो. माणसं आणि सामान मिळून किती पौंडांपेक्षा जास्त नको, ते त्यावर लिहिलेलं असतं. तोच आकडा खरा, वेबसाइटवरचा नाही, कारण सनरूफ, मोठी चाकं, फोर-व्हील ड्राइव्ह यांनी प्रत्येक गाडीचा आकडा बदलतो. तो साधारण १,५०० ते १,८०० पौंडांच्या दरम्यान सापडेल.

एक नमुना: सहा जण आणि कार सीट मिळून ७३० पौंड, चार मोठ्या बॅगा २००, केबिन बॅगा ३०, कूलर आणि खाण्याचं सामान ६०. एकूण १,०२०. काही अडचण नाही. आता मागे ६,००० पौंडांचा कॅम्पर जोडा. त्याच्या वजनाचा १० ते १५ टक्के भार हिचवर येतो. १२ टक्के धरले तरी ७२० पौंड. बेरीज १,७४०. अनेक गाड्यांची मर्यादा इथेच ओलांडली जाते, आणि डिक्कीत मात्र अजून जागा दिसत असते. लांब गाडीत हा मोह जास्त होतो.

## टप्पा ७: टेस्ट ड्राइव्ह, सगळ्यांना घेऊन

एकट्याने जाऊन हायवेवर दोन एक्झिट चालवून येणं ही टेस्ट ड्राइव्ह नव्हे. घरातली सगळी माणसं न्या. आई-बाबा अजून आले नसतील तर त्यांच्या वयाचे कोणी ओळखीचे काका-काकू न्या. क्रम असा ठेवा:

१. आधी लांब गाडी चालवा, मग आखूड. उलट केलंत तर लांब गाडी उगाचच अवाढव्य वाटते आणि मन आधीच नाही म्हणतं.

२. घरातल्या दोन्ही चालकांनी चालवायची. रोज शाळेत जो नेणार त्याचं मत जड. पतीने हौसेने घेतलेली आणि पत्नीने रोज कुरकुरत लावलेली सबर्बन, किंवा नेमकं उलट, हे दृश्य नवं नाही.

३. यू-टर्न घ्या. टाहोला वळायला सुमारे ४० फूट लागतात, सबर्बनला ४३ च्या वर. पटेल ब्रदर्सच्या गर्दीच्या लॉटमध्ये शनिवारी दुपारी गाडी मागे घेऊन लावा. कॅमेरे आधी बंद समजून, मग त्यांच्या मदतीने.

४. एका मोठ्या माणसाला तिसऱ्या रांगेत बसवून वीस मिनिटं खडबडीत रस्त्यावर न्या. तो परत आल्यावर काय म्हणतो ते ऐका, मध्ये बोलू नका.

सगळ्यात चांगली चाचणी मात्र भाड्याच्या गाडीची. विमानतळावरच्या भाड्याच्या ताफ्यात सबर्बन आणि एक्सपेडिशन मॅक्स भरपूर असतात. पुढच्या सहलीला एक घ्या, आणि घरी आल्यावर ती स्वतःच्या गराजमध्ये लावा.

## टप्पा ८: पैशांचा खरा फरक

त्याच ट्रिममध्ये लांब गाडी साधारण ३,००० डॉलरने महाग पडते. सात-आठ वर्षं वापरणाऱ्याला हा आकडा निर्णायक नाही. पेट्रोलचा फरक तर त्याहून कमी. गॅलनमागे एका मैलाचा फरक धरा, १७ आणि १६. वर्षाला १२,००० मैल चालवलं तर ४४ गॅलन जास्त, ३ डॉलर भावाने १३२ डॉलर. लांब गाडीची टाकीही मोठी असते: टाहोची २४ गॅलन, सबर्बनची २८.

म्हणजे ‘पैसे वाचवायला आखूड घेतली’ हे कारण टिकत नाही. आखूड घ्यावी ती गराज, पार्किंग आणि रोजच्या सोयीसाठी. उलट दहा हजार डॉलर वरच्या ट्रिमला घालून लांबीचे तीन हजार वाचवणारे पाहिले की गंमत वाटते.

## टप्पा ९: जुनी गाडी घेत असाल तर

इथे हिशेब बदलतो. २०१५ ते २०२० च्या टाहोत तिसऱ्या रांगेची पायांची जागा केवळ २४.८ इंच होती आणि तिच्यामागे १५.३ घनफूट. त्याच वर्षांच्या सबर्बनमध्ये ३४.५ इंच आणि ३९.३ घनफूट. त्या पिढीत मोठ्या माणसांना मागे बसवायचं असेल तर टाहोचा विचारच सोडा. २०२१ पासून मागचं सस्पेन्शन स्वतंत्र झालं, गाडीचा आतला तळ खाली गेला आणि टाहो खऱ्या अर्थाने तीन रांगांची झाली. फोर्डमध्ये २०१८ च्या आधीची लांब गाडी ‘ईएल’ नावाने शोधा, ‘मॅक्स’ नावाने नाही.

६.२ लीटर व्ही-८ इंजिनची २०२१ ते २०२४ मधली टाहो, सबर्बन, युकॉन किंवा एस्कलेड घेत असाल तर जास्त काळजी घ्या. इंजिनच्या आतल्या दोषामुळे जनरल मोटर्सने एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेत सुमारे सहा लाख गाड्यांचं रिकॉल जाहीर केलं. गाडीचा व्हीआयएन (प्रत्येक गाडीचा वेगळा ओळख क्रमांक) राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाच्या संकेतस्थळावर टाकून रिकॉल बाकी आहे का पाहा, आणि काम झाल्याची पावती मागा. ‘झालंय हो’ हे तोंडी उत्तर चालणार नाही.

## सही करण्याआधी

गाडी ठरली, भाव ठरला, तरी कागदांवर सही करण्याआधी तीच गाडी, तोच व्हीआयएन, घरी नेऊन दाखवायला सांगा. बहुतेक डीलर तयार होतात. गराजमध्ये लावा, दार बंद करा, आत अडकल्यावर घरात जायला वाट राहते का पाहा. मग स्टिकरवरचा वजनाचा आकडा टिपून घ्या आणि मधल्या रांगेत बाक मागितला होता, तिथे कॅप्टन चेअर तर नाहीत ना, हे बघा. ऑर्डर देऊन मागवलेल्या गाडीतही ही अदलाबदल होते, आणि ‘हीच लगेच घेऊन जा, दुसरीला तीन महिने लागतील’ असं त्या वेळी सांगितलं जातं. आई-बाबांचं विमान पुढच्या आठवड्यात असलं तरी नाही म्हणा, आणि त्या एका फेरीपुरती गाडी भाड्याने घ्या.